लिनक्स संगणकास तारेने इंटरनेट जोडताना

(केंद्र संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्या प्राथमिक अभ्यासक्रमात नाही. आम्ही अध्यापक विद्यालयात होतो तेव्हा तो तेथेही नव्हता. माझ्या पिढीच्या शिक्षकास तो बऱ्याच उशिरा, आणि खरे सांगावयाचे तर थोड्या संकोचाने शिकावा लागला. शाळेतील लिनक्स संगणकास तारेने इंटरनेट कसे जोडावे, आणि जोडलेले बंद पडल्यास तंत्रज्ञ येण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः काय पाहावे, हा तो विषय होय.

प्रारंभी माझ्याच एका चुकीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका द्विशिक्षकी शाळेच्या तपासणीस मी गेलो होतो. संगणकावर स्वच्छ धुतलेले कापड घातलेले होते. मुख्याध्यापक म्हणाले, “साहेब, इंटरनेट चालत नाही.” मी खुर्चीवरून न उठता शेरेबुकात लिहिले, “संगणक नादुरुस्त. दुरुस्तीची कार्यवाही करावी.” शेऱ्याप्रमाणे पत्र गेले, पत्रामागून स्मरणपत्र गेले, आणि प्रकरण तेथेच राहिले. पुढील वर्षी त्याच शाळेत गेलो, तो संगणक चालू. चौथीची मुले त्यावर ज्वालामुखीचे चित्र पाहत होती. चौकशी करता कळले की, वर्ग झाडताना एका मुलीचा हात संगणकामागील तारेस लागला, तार किंचित आत सरकली आणि खोबणीपाशी हिरवा दिवा लागला. तिने ते गुरुजींना सांगितले. तारेच्या टोकाच्या प्लगची प्लास्टिकची जीभ मोडलेली होती. त्यामुळे तार बसल्यासारखी दिसे, पण बसलेली नसे.

यंत्रात काहीही बिघाड नव्हता. मी उठून तारेला हात लावला असता तर त्या मुलांचे एक वर्ष वाया गेले नसते. तो शेरा माझ्या सहीनिशी त्या शेरेबुकात आजही आहे. त्या दिवसापासून मी स्वतःस नियम घालून घेतला की, पाहिल्याखेरीज ‘नादुरुस्त’ हा शब्द लिहावयाचा नाही. तोच नियम आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

पाहावयाचे म्हणजे काय? पाटाचे पाणी रानात आले नाही तर शेतकरी एकदम धरणाकडे धाव घेत नाही. तो प्रथम आपल्या वाफ्याचे दारे पाहतो, मग चारी पाहतो, मग पाट पाहतो. जवळून दूर जाण्याची ही रीत. आपणही पाठ घेताना ज्ञाताकडून अज्ञाताकडे जातो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलट करतो. पडद्यावर पान उमटले नाही की आपण थेट कंपनीस फोन लावतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली स्थिती होते.

संगणक आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये चार कड्या आहेत : तार, पत्ता, दार आणि नाव. या चार कड्या याच क्रमाने तपासल्या म्हणजे बिघाड कोठे आहे हे बहुधा दहा-पंधरा मिनिटांत सांगता येते.

लिनक्सविषयी थोडेसे

काही शिक्षकांची अशी समजूत आहे की, आपल्या संगणकावर लिनक्स आहे म्हणूनच जोडणी होत नाही. ही समजूत खरी नाही. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी. त्याने १९९१ साली या प्रणालीचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. तेव्हापासून देशोदेशींच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली आहे. इंटरनेटवरील माहिती पुरविणारी बहुतेक मोठी यंत्रे आज लिनक्सवरच चालतात. आपल्याकडे, पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली तयार केली असून तीत भारतीय भाषांची सोय आहे. केरळातील शासकीय शाळांतून तर वर्षानुवर्षे लिनक्सवरच शिकविले जाते. ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि जुन्या संगणकावरही बरी चालते. तारेची जोडणी हे तर तिचे अगदी अंगवळणी पडलेले काम आहे. बहुतेक ठिकाणी तार जोडताच ती बाकीचे सारे आपण होऊन करते. करीत नाही तेव्हाच आपले काम सुरू होते.

पहिली कडी : तार

ही तार ज्या पद्धतीने संदेश नेते तिला ‘इथरनेट’ म्हणतात. १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ती मांडली. प्रकाशलहरी वाहून नेणारा ‘ईथर’ नावाचा पदार्थ सर्वत्र भरलेला आहे, असे एकोणिसाव्या शतकातील पदार्थवैज्ञानिक मानीत. त्यावरून हे नाव आले. ईथरची कल्पना विज्ञानाने पुढे सोडून दिली, पण नाव मात्र तारेला चिकटून राहिले.

तारेचे वरचे आवरण सोलले तर आत आठ बारीक तारा दिसतात. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा चार रंगांच्या चार जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीस पीळ दिलेला असतो. हा पीळ शोभेसाठी नाही. शेजारच्या जोडीतील आणि बाहेरील विजेच्या तारांतील प्रवाहाचा उपद्रव पिळामुळे बऱ्याच अंशी नाहीसा होतो. म्हणून ही तार ट्यूबलाइटच्या किंवा पंख्याच्या तारेबरोबर एकत्र बांधू नये, दारात चेंगरू देऊ नये, आणि खिळ्याभोवती आवळू नये.

आता पाहण्याचा क्रम. तार काढून पुन्हा बसवावी. नीट बसली की ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज आला नाही तर जीभ मोडली आहे असे समजावे. दुसरे टोक राऊटरच्या पेटीत असते. तेथे एकसारख्या खोबणींची एक ओळ असते आणि एक खोबण बहुधा वेगळ्या रंगाची, थोडी अलग असते. ती वेगळी खोबण बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी आहे. संगणकाची तार ओळीतील खोबणीतच बसवावी. शाळेची रंगरंगोटी झाल्यानंतर इंटरनेट बंद पडते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की, तारा काढल्या गेल्या आणि लावताना त्यांची अदलाबदल झाली.

दोन्ही टोकांच्या खोबणींपाशी बारीक दिवे असतात. संगणक व राऊटर दोन्ही चालू असताना ते लागले पाहिजेत. एकही दिवा लागत नसेल तर दुसरी तार लावून पाहावी. शाळेत एक जादा तार ठेवणे हा अल्प खर्चाचा आणि फार उपयोगाचा उपाय आहे.

लांबीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ही तांब्याची तार १०० मीटरपर्यंतच भरवशाने काम देते. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूचे जाळे नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून शाळेपर्यंत तार ओढून घ्यावी, असे अनेकांच्या मनात येते. अंतर १०० मीटरपेक्षा जास्त असेल तर अशी तार ओढू नये, पैसे फुकट जातील. तेथे प्रकाशतंतूच हवा. मोजपट्टी आपल्याच शाळेत आहे आणि मोजमापाचा पाठ आपल्याच वर्गात चालतो. तेव्हा हे अंतर मुलांकडूनच मोजून घेता येईल.

दुसरी कडी : पत्ता

दिवे लागले म्हणजे तार ठीक आहे. आता संगणकास पत्ता मिळाला की नाही ते पाहावयाचे. ज्या घरास पत्ता नाही तेथे पोस्टमन पत्र कसे नेणार? संगणकाचेही तसेच आहे. त्याचा पत्ता चार अंकगटांचा असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५.

हा पत्ता बहुधा राऊटर देतो. त्या व्यवस्थेस ‘डीएचसीपी’ म्हणतात. तार जोडताच संगणक हाक मारतो, “येथे कोणी पत्ता देणारे आहे काय?” राऊटर म्हणतो, “हा पत्ता घे.” संगणक म्हणतो, “हाच मला हवा.” राऊटर म्हणतो, “दिला.” चार वाक्यांचा हा संवाद साधारणतः काही क्षणांत आटोपतो. पत्ता कायमचा दिलेला नसतो. तो ठरावीक मुदतीने दिलेला असतो आणि संगणक चालू असेपर्यंत त्याचे नूतनीकरण होत राहते.

पडद्यावर ‘सेटिंग्ज’ उघडून त्यात ‘नेटवर्क’ पाहावे. तेथे ‘वायर्ड’ असे लिहिलेले असते. त्यापुढील बटण चालू आहे ना, हे प्रथम पाहावे. कोणी तरी ते बंद करून ठेवले, असे मी एकाहून अधिक शाळांत पाहिले आहे. शेजारच्या चाकाच्या चिन्हावर टिचकी मारली की मिळालेला पत्ता दिसतो. ‘आयपीव्ही४’ या भागात ‘ऑटोमॅटिक’ हा पर्याय निवडलेला असावा.

हीच माहिती ‘टर्मिनल’ नावाच्या काळ्या खिडकीतही मिळते. तिला भिण्याचे कारण नाही. ती आपली पाटी आहे. तीवर एक ओळ लिहावयाची आणि उत्तर वाचावयाचे. इंग्रजी लहान अक्षरांत आय व पी, मग मोकळी जागा, मग ए, एवढे लिहून एन्टर कळ दाबावी. उत्तरात ‘एलओ’ नावाची एक नोंद दिसेल. ती संगणकाची स्वतःशी असलेली जोडणी होय. ‘ईएन’ किंवा ‘ईटीएच’ या अक्षरांनी सुरू होणारी नोंद आपल्या तारेची. तेथे ‘नो-कॅरिअर’ असे शब्द असतील तर तारेतून काहीच येत नाही, म्हणजे पुन्हा पहिल्या कडीकडे जावे. ‘इनेट’ या शब्दापुढे चार गटांचा अंक असेल तर पत्ता मिळाला. तारेची नोंदच नसेल तर संगणकाने आपले जोडणीचे कार्ड ओळखले नाही. ते काम मात्र तंत्रज्ञाचे आहे.

पत्ता मिळाला नसेल तर राऊटर बंद करावा, अर्धा मिनिट थांबून चालू करावा, आणि तीन-चार मिनिटे धीर धरावा. तेवढ्याने पुष्कळदा काम होते.

क्वचित सेवा देणारी कंपनी ठरावीक पत्ता हाताने भरावयास सांगते. अशा वेळी पत्ता, मर्यादा दाखविणारा अंक, दाराचा पत्ता आणि नावे सांगणाऱ्या यंत्राचा पत्ता, ही चारही माहिती कंपनीकडून लेखी घ्यावी आणि ‘मॅन्युअल’ हा पर्याय निवडून जशीच्या तशी भरावी. शेजारच्या संगणकावरचा पत्ता पाहून तोच येथे कधीही भरू नये. एका वाड्यात एकाच नावाची दोन माणसे असली म्हणजे पत्रांचा जो घोटाळा होतो तोच येथे होईल. दोन्ही संगणक कधी चालतील आणि कधी बंद पडतील, आणि कारण कोणास उमगणार नाही.

तिसरी कडी : दार

पत्ता मिळाला, तरी बाहेर जाण्यास दार हवे. ते दार म्हणजे राऊटर. टर्मिनलमध्ये आय व पी, मोकळी जागा आणि आर, असे लिहिले की ‘डिफॉल्ट व्हाया’ या शब्दांपुढे दाराचा पत्ता येतो. पुष्कळ ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असा असतो.

आता दार ठोठावून पाहावयाचे. त्यासाठी ‘पिंग’ नावाची आज्ञा आहे. इंग्रजीत पिंग हा शब्द, मोकळी जागा, आणि पुढे दाराचा पत्ता लिहावा. दार ओ देत असेल तर ओळीमागून ओळ येत राहते आणि प्रत्येक ओळीत किती सहस्रांश सेकंद लागले ते लिहिलेले असते. लिनक्समध्ये ही हाक आपण थांबवीपर्यंत चालूच राहते. थांबविण्यासाठी कंट्रोल कळ धरून सी दाबावे. एका बाईंनी मला सांगितले की, ओळी थांबेनात म्हणून त्या घाबरल्या आणि त्यांनी संगणकाचा प्लगच काढला. तसे करण्याचे कारण नाही.

दार ओ देते असे दिसले की दारापलीकडे हाक मारावी. गूगल कंपनीचे ८.८.८.८ या पत्त्याचे एक सार्वजनिक यंत्र आहे. त्यास पिंग करावे. दार ओ देते, पण ८.८.८.८ कडून काहीच येत नाही, असे झाले तर शाळेतील जोडणी ठीक असून बिघाड बहुधा बाहेर आहे. प्रकाशतंतूच्या पेटीवर ‘एलओएस’ अक्षरांपाशी तांबडा दिवा दिसत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. तंतू तुटला असेल किंवा निसटला असेल. त्या पिवळ्या वा काळ्या बारीक तंतूस आपण हात लावू नये, तो दुमडू नये, आणि त्याच्या टोकात डोळा लावून तर कदापि पाहू नये. आता कंपनीस फोन करावा. या क्षणी तो योग्य आहे.

चौथी कडी : नाव

८.८.८.८ ओ देतो, तरीही पान उघडत नाही, असे कधी कधी होते. याचे कारण असे की, आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण संगणकास अंकांचा पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था ‘डीएनएस’ या नावाने ओळखली जाते. ती १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. गावात नवखा माणूस येतो आणि पारावर विचारतो, “अमक्यांचे घर कोणते?” पारावर कोणीच नसेल तर घर जाग्यावर असूनही त्यास सापडत नाही. नाव लिहून पिंग केल्यावर ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ असे उत्तर आले तर ही कडी तुटली आहे असे समजावे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘डीएनएस’पुढील ‘ऑटोमॅटिक’ बंद करून तेथे ८.८.८.८ भरावे, आणि जोडणी एकदा बंद करून पुन्हा चालू करावी.

या चार कड्यांखेरीज आणखी एक कारण आहे. ते अनुभवानेच ठाऊक होते. ते म्हणजे घड्याळ. संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग पान उघडताना ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. कारण, प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रास मुदत असते आणि मागासलेल्या घड्याळास ती मुदत अजून सुरूच झालेली दिसत नाही. अशा वेळी प्रथम तारीख पाहावी. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा हे विशेषेकरून पाहावे.

एक सावधगिरीही सांगतो. वळवाच्या पावसात विजा चमकू लागण्याआधीच, आभाळ भरून आले की, संगणकाचा विजेचा प्लग आणि ही तार दोन्ही काढून ठेवावीत. पुष्कळांना पहिली गोष्ट आठवते, दुसरी आठवत नाही. वीज तारेनेही आत येते. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारांना हात लावू नये.

शेवटी

आता हे सारे गुरुजींनी आणि बाईंनीच का करावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आपणांवर कामे थोडी नाहीत, आणि तंत्रज्ञ पुरविणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, हे मी नाकारीत नाही. तथापि मोडलेल्या जिभेसाठी मुलांनी वर्षभर थांबावे, हे काही बरे नव्हे. शिवाय आपण “नेट बंद आहे” एवढेच लिहिले तर वरचा माणूस त्यावर काहीच करू शकत नाही. तेच “तार ठीक, पत्ता मिळाला, दार ओ देते, ८.८.८.८ ओ देत नाही, तांबडा दिवा लागला आहे” असे लिहिले तर कोणास पाठवावयाचे आणि त्याने काय घेऊन यावयाचे, हे त्याच ओळीवरून ठरते. आपण तसे लिहावे. मीही आता शेऱ्यात तसेच लिहीन.

आणखी एक विनंती. हे करताना चौथी-पाचवीच्या दोन-तीन मुलामुलींस जवळ उभे करावे. दिवा लागला की नाही हे त्यांना पाहू द्यावे, पिंगच्या ओळी मोजू द्याव्यात. ज्या मुलीने तो हिरवा दिवा पाहिला तिला कोणी काही शिकविले नव्हते. तिने फक्त पाहिले आणि सांगितले. एवढेच आपण सर्वांनी करावयाचे आहे.

जोडणी झाली की पहिले पान कोणते उघडावे, हे आपले आपण ठरवावे. मी आपला मराठी विश्वकोश उघडतो. मुलांना म्हणतो, “विचारा काय विचारायचे ते.” त्या वेळी वर्गात जे प्रश्न येतात त्यांसाठी ही सारी यातायात आहे.

पुढील ओळी कागदावर लिहून संगणकाजवळ चिकटवाव्यात :

१. तार : ‘टक्’ आवाज, दोन्ही टोकांस दिवे, योग्य खोबण.
२. पत्ता : वायर्ड चालू, ऑटोमॅटिक, चार अंकगट दिसतात.
३. दार : प्रथम राऊटरला पिंग, मग ८.८.८.८ ला पिंग.
४. नाव : संकेतस्थळाचे नाव लिहून पिंग, न जमल्यास डीएनएस पाहावा.
५. तारीख व वेळ बरोबर आहे काय?
६. यानंतरच तक्रार, आणि तक्रारीत कोणती कडी तुटली ते लिहावे.